एकसष्टीचे गणित

साठीची शांत उरकली की घरातल्यांना एकसष्टीचे वेध लागतात. शाल येते, श्रीफळ येते, एकसष्ट दिव्यांचे तबक येते, आणि उत्सवमूर्ती संकोचाने पाटावर बसतात. ज्या आकड्याच्या नावाने हा सगळा सोहळा होतो, त्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. साठ हा तसा गरीब स्वभावाचा आकडा. दोघांत वाटा, तिघांत वाटा, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा जणांत वाटा, बाकी काही उरत नाही. म्हणून तर घड्याळाने त्याला जवळ केले. एकसष्ट कोणालाच भागू देत नाही. शिवाय त्याच्या पोटात एक दहा अंकी संख्या दडलेली आहे. ती आठशे-पावणेनऊशे वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीच्या परिसरातल्या एका माणसाने बाहेर काढली. ती माणसे आज किती घरांत ठाऊक आहे, याविषयी मला शंका आहे.

आम्ही रत्नागिरीकर. उदाहरण आंब्याचेच घेऊ. आढी लावताना आंबे चौरसात मांडले आहेत असे समजा, म्हणजे लांबीत जितके आंबे तितकेच रुंदीत. अशा एकसारख्या साठ आढ्या आहेत, प्रत्येक चार बाय चार. सोळा साठे नऊशे साठ आंबे झाले. शेजारून एक आंबा उसना आणला, ९६१ झाले. आता सगळ्या आढ्या मोडा आणि एकच मोठी चौरस आढी मांडा. एकतीस ओळी, प्रत्येक ओळीत एकतीस आंबे. एक उरत नाही, एक कमी पडत नाही. बासष्ट आढ्या घेतल्या तरी तेच. प्रत्येकी आठ बाय आठ, म्हणजे ३,९६८, अधिक उसना एक, ३,९६९. हा त्रेसष्टचा वर्ग. एखाद्या बागायतदाराच्या मांगरात हे दोन्ही हिशोब सहज बसतील.

मधला एकसष्ट घेऊन हेच करून पाहा. एकेक आंब्याच्या आढ्या धरल्या तर एकसष्ट अधिक एक, बासष्ट. चौरस होत नाही. दोन बाय दोन, २४५, नाही. तीन बाय तीन, ५५०, नाही. शंभरापर्यंत जा, नाही. लाखापर्यंत जा, नाही. दहा कोटींपर्यंत गेलात तरी नाही. पहिल्यांदा हा हिशोब जुळतो तो लहान आढीच्या एका ओळीत २२,६१,५३,९८० आंबे असतात तेव्हा. बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. (त्यातही मधे ‘एकसष्ट लाख’ डोकावतोच, तो निव्वळ योगायोग.) आणि मोठ्या आढीच्या एका ओळीत होतात १,७६,६३,१९,०४९ आंबे. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. हीच ती संख्या. एक आंबा आठ सेंटिमीटरचा धरला, तर ही नुसती एक ओळ पृथ्वीला साडेतीन वेढे घालील. सगळे आंबे मोजायचे तर आकडा असा: ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१.

साठला एकतीस, बासष्टला त्रेसष्ट, आणि एकसष्टला पावणेदोन अब्जांच्या वर! शंभराच्या आतल्या कोणत्याही आकड्याला एवढे मोठे उत्तर लागत नाही. शेजारीपाजारी साधे आणि मधलाच असा आडमुठा, हे आळीत पाहायला मिळते तसे आकड्यांतही असते.

ही संख्या नुसती मोठी असती तर तिच्यावर रविवारचे पान खर्ची घालण्याचे कारण नव्हते. मोठी संख्या काय, कोणीही लिहू शकतो. हिच्यात गुण आहेत. हिच्यातून एक वजा केला तर येते १,७६,६३,१९,०४८. त्याचा अर्धा केला तर तो बरोबर २९,७१८ चा वर्ग निघतो. हिच्यात एक मिळवला तर येते १,७६,६३,१९,०५०. त्याला १२२ ने, म्हणजे एकसष्टच्या दुपटीने, भागले तर ३,८०५ चा वर्ग निघतो. उजवा शेजारी आणि डावा शेजारी, दोघांच्याही घरात एकेक पूर्ण वर्ग. दुसरा गुण पाचवीतल्या मुलालाही तपासता येईल. हिचे दहा अंक एकाआड एक घेऊन बेरीज करा: १, ६, ३, ९, ४ यांचे तेवीस, आणि ७, ६, १, ०, ९ यांचेही तेवीस. म्हणजे संख्येला अकराने निःशेष भाग जातो. तिसरा गुण मोलाचा. हिला २२,६१,५३,९८० ने भागले तर एकसष्टचे वर्गमूळ मिळते, तेही दशांशचिन्हानंतर सतरा स्थळांपर्यंत बिनचूक. एकसष्टचे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकात नेमके मांडता येत नाही. ते जितके जवळून पकडायचे तितके या जोडीने पकडले आहे. तो उसना आणलेला एक आंबा म्हणजे राहिलेले अंतर.

ही जोडी भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथात दिली. त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा, आणि छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. प्रश्न त्यांनी मित्राला विचारल्यासारखा विचारला आहे: गड्या, कोणत्या वर्गाला सदुसष्टने गुणून एक मिळवला तर वर्ग होतो, आणि कोणत्या वर्गाला एकसष्टने गुणून? सदुसष्टचे उत्तर ४८,८४२ आणि ५,९६७. तेही लहान नाही, पण एकसष्टपुढे किरकोळच. या प्रकारच्या प्रश्नाला ते ‘वर्गप्रकृती’ म्हणत आणि सोडवण्याच्या रीतीला ‘चक्रवाल’, म्हणजे फिरत राहणारे चक्र.

एकेक आकडा घेऊन तपासत बसायचे ठरवले, दर सेकंदाला एक, जेवण नाही, झोप नाही, तर २२ कोटींवर पोचायला सात वर्षे दोन महिने लागतील. भास्कराचार्यांनी असे केलेले नाही. त्यांनी जे केले ते लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मावते. ते मी इथे मांडतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण घरात नववी-दहावीतले कोणी असेल तर त्याला पेन्सिल घेऊन शेजारी बसवावे.

एक आंबा उसना घेऊन जमत नसेल तर किती घेतल्यावर जमते ते पाहा. ६१ मध्ये ३ मिळवले तर ६४, आठचा वर्ग. म्हणजे लहान ओळ १, मोठी ओळ ८, उसने ३. जुनी नावे अशी: कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. हा ३ कमी करत आणायचा. त्यासाठी असा आकडा निवडा की तो ८ मध्ये मिळवल्यावर ३ ने भाग जावा आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. तो आकडा ७. आठ आणि सात पंधरा, भागिले तीन, पाच. हे नवे कनिष्ठ. आठ साते छप्पन्न आणि एकसष्ट, एकशे सतरा, भागिले तीन, एकोणचाळीस. हे नवे ज्येष्ठ. सातचा वर्ग एकोणपन्नास, त्यातून एकसष्ट गेले, उणे बारा, भागिले तीन, उणे चार. हा नवा क्षेप. पडताळा पाहा: ६१ × २५ = १,५२५, वजा ४, १,५२१, म्हणजे ३९ चा वर्ग. चक्राचा एक फेरा झाला. असेच फिरवत राहिले तर चक्र शेवटी १ वर येऊन थांबते.

पण क्षेप चारवर आला की आडवाट उपलब्ध असते, आणि ती भास्कराचार्यांच्याही पाचशे वर्षे आधीची आहे. भिल्लमालच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘भावना’ नावाची रीत दिली. दोन त्रिकुटे घ्यायची. पहिल्याचे कनिष्ठ दुसऱ्याच्या ज्येष्ठाने आणि पहिल्याचे ज्येष्ठ दुसऱ्याच्या कनिष्ठाने, असे तिरपे गुणून बेरीज केली की नवे कनिष्ठ मिळते. या तिरप्या गुणाकाराला ‘वज्राभ्यास’ असे झोकदार नाव आहे. ज्येष्ठ-ज्येष्ठांच्या गुणाकारात कनिष्ठ-कनिष्ठांच्या गुणाकाराची एकसष्टपट मिळवली की नवे ज्येष्ठ. क्षेपांचा नुसता गुणाकार.

आता ५, ३९, उणे ४ या त्रिकुटाची त्याच्याशीच भावना करा. ३९०, ३,०४६, क्षेप १६ येतात. पहिल्या दोघांचे अर्धे केले तर क्षेपाचा पाव होतो: १९५, १,५२३, क्षेप ४. याची मूळच्या त्रिकुटाशी भावना करा: १५,२२०, १,१८,८७२, क्षेप उणे १६. पहिल्या दोघांना चारने भागले की क्षेपाला सोळाने भाग बसतो: ३,८०५, २९,७१८, क्षेप उणे १. मघाशी शेजाऱ्यांच्या घरात भेटलेले दोघे ते हेच. शेवटी याची याच्याशीच भावना: दुप्पट ३,८०५ गुणिले २९,७१८, म्हणजे २२,६१,५३,९८०, आणि २९,७१८ चा वर्ग अधिक एकसष्ट वेळा ३,८०५ चा वर्ग, म्हणजे १,७६,६३,१९,०४९. क्षेप उणे एक गुणिले उणे एक, एक. चहा निवायच्या आत सात वर्षांचे काम झाले.

भास्कराचार्य स्वतःविषयी फार सांगत नाहीत. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जलविड या गावाचे, वडील महेश्वर, एवढे ते सांगतात. हे गाव नेमके कोणते यावर विद्वानांचे एकमत नाही. पण जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एक शिलालेख आहे, तो त्यांच्या नातवाचा. चांगदेव हे त्याचे नाव. यादवांच्या सिंघण राजाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला आणि त्या मठाला शके ११२८ मध्ये दान मिळाले, ते शिलालेखात नोंदलेले आहे. गोव्यातल्या मांद्र्यात जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. या शिलालेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण दानाचा काही तपशील जुन्या मराठीत आहे. मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव लेखांपैकी एक गणिताची शाळा कशी चालवायची याविषयी आहे, ही गोष्ट मला ज्ञानेश्वरीच्या आधीच्या आपल्या भाषेबद्दल फार काही सांगून जाते. पाटणादेवीला सहली जातात. किती जण त्या लेखाची चौकशी करतात?

इकडे ही संख्या ग्रंथात राहिली आणि तिकडे १६५७ च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये फर्मा नावाच्या न्यायखात्यातल्या गृहस्थाने फ्रेनिकल या मित्राला पत्र लिहून तोच प्रश्न घातला. फार त्रास नको म्हणून लहान आकडे देतो, असे म्हणून त्याने दोन आकडे निवडले: एकसष्ट आणि एकशे नऊ. माणूस खट्याळ असला पाहिजे. आपला एकसष्ट त्याला स्वतंत्रपणे सापडला होता. ज्याला या प्रश्नाची नस कळते त्याचे बोट आपोआप त्याच आकड्यावर जाते. इंग्लंडातल्या ब्राउंकरने रीत शोधली. पुढे ऑयलरने चुकून ती पेल नावाच्या माणसाच्या नावावर मांडली, आणि जगभर हे समीकरण ‘पेलचे समीकरण’ म्हणून रूढ झाले. पेलचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

इथे आपल्याकडच्या व्यासपीठावरचा वक्ता टाळी घेतो. पाचशे वर्षे आधी आमच्याकडे होते आणि नाव मात्र पेलचे! टाळी द्यायला माझी हरकत नाही. तारखा खऱ्या आहेत. पण हिशोब पुरा मांडावा. चक्रवालाची रीत भास्कराचार्यांनी एकट्याने काढली असे म्हणता येत नाही. १०७३ साली लिहिलेल्या एका टीकेत उदयदिवाकराने जयदेव नावाच्या गणितज्ञाची सूत्रे दिली आहेत, त्यांत ही रीत आहे. त्या जयदेवाचे नाव आपल्या भाषणांत कधी ऐकू येत नाही. म्हणजे पेलच्या बाबतीत जो अन्याय झाला म्हणून आपण चिडतो, तोच आपण घरच्या घरात करतो. दुसरे असे की हे चक्र कोणत्याही आकड्याला लावले तरी शेवटी एकवर येणारच, याची सिद्धता जुन्या ग्रंथांत आढळत नाही. या समीकरणाला नेहमीच उत्तर असते हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाग्रांजने सिद्ध केले. रीत आपली, सिद्धता त्याची. यात कोणाचे काही कमी होत नाही. हांकेल या जर्मन इतिहासकाराने १८७४ मध्ये चक्रवालाला लाग्रांजच्या आधीच्या संख्याशास्त्रातले सर्वोत्तम काम ठरवले.

माझी तक्रार वेगळी आहे. अभिमान बाळगणारा आणि ‘जुन्यात काय ठेवलेय’ म्हणून नाक मुरडणारा, या दोघांत एक साम्य असते. दोघांनीही ते गणित केलेले नसते.

दर वर्षी २२ डिसेंबरला, रामानुजनांच्या जन्मदिनी, राष्ट्रीय गणित दिवस असतो. अशा एका कार्यक्रमाला बोलावणे आले म्हणून गेलो होतो. फळ्यावर रंगीत खडूने भास्कराचार्यांचे नाव, खाली शून्याचा शोध वगैरे. एका मुलीने पाठ केलेले भाषण न अडखळता म्हटले. कार्यक्रमानंतर मी तिला विचारले, “त्यांचे एखादे गणित सोडवून पाहिलेस का गं?” ती म्हणाली, “नाही काका, ते परीक्षेला नाही.” मुलगी हुशार होती, तिला दोष देण्यात अर्थ नाही. दहावीच्या निकालात आमचा कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, आणि त्याचा आम्हांला रास्त आनंद आहे. गणित या जिल्ह्याला परकेही नाही. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य आधी गणिताचे मास्तर होते, आणि दापोलीजवळच्या मुरडीतून गेलेले रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. पण गुण मिळवणे आणि गणितात रमणे यांत जी दरी पडली आहे ती गुणपत्रिकेत दिसत नाही.

म्हणून हे अभ्यासक्रमात घाला, असे मी म्हणणार आहे असे वाटत असेल तर तसे नाही. अभ्यासक्रमात घातले की त्याला दोन गुण पडतील, त्याचे गाइड निघेल, ‘चक्रवाल: पाच पायऱ्या’ अशी चौकट छापली जाईल, आणि एकसष्टऐवजी सहासष्ट घातला की वर्ग बसेल गप्प. मला हवा आहे बिनगुणांचा एक तास. वर्षातून एक. मास्तरांनी फळ्यावर साठ, एकसष्ट, बासष्ट लिहावेत, साठ आणि बासष्ट मुलांना सोडवू द्यावेत आणि एकसष्टवर त्यांना चांगले अर्धा तास धडपडू द्यावे. न जमण्याचा अनुभव आपण मुलांना देत नाही. दिलाच तर शिक्षा म्हणून देतो. त्या अर्ध्या तासानंतर भावनेची रीत दाखवली तर ती का भारी आहे हे सांगावे लागत नाही.

आमच्या ओळखीच्या एका आंबेवाल्याला मी हे सगळे उत्साहाने सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “पण ह्याचा उपयोग काय? एवढ्या आंब्यांना गिऱ्हाईक कुठून आणणार?” प्रश्न रोकडा आहे. वर्गमुळाचे जवळचे मूल्य काढायला उपयोग होतो हे वर आलेच. ज्योतिषाची गणिते करणाऱ्यांना तो लागत असे. पण खरे सांगायचे तर भास्कराचार्यांना एकसष्टच निवडण्याचे काही व्यावहारिक कारण नव्हते. ज्या गड्याला ते प्रश्न घालतात त्याला कामधंदा पुष्कळ असेल. त्यांना तो आकडा अवघड म्हणून आवडला, एवढे कारण मला पुरते.

दुसरा प्रश्न मुले विचारतात, आणि तो अधिक टोकदार आहे. “काका, कॉम्प्युटर हे एका सेकंदात काढेल ना?” एकसष्टचे काढेल, थोड्याफार वेळात, एकेक आकडा तपासूनसुद्धा. मग फर्माचा दुसरा आकडा घ्या, एकशे नऊ. त्याचे लहान उत्तर असे: १,५१,४०,४२,४४,५५,१००. दर सेकंदाला एक कोटी आकडे तपासणारे यंत्र चोवीस तास चालू ठेवले तरी त्याला साडेसतरा दिवस लागतील. चक्रवालाने हे उत्तर वहीच्या एका पानावर येते. यंत्राला घाई असते, रीत त्याला माणसानेच द्यावी लागते. आणि यंत्राला रीत दिली की त्याचेही काम क्षणाचे होते.

ज्यांना आज दुपारी हात चालवून पाहायचा आहे त्यांच्यासाठी एकसष्टचा धाकटा भाऊ सुचवतो, त्रेपन्न. उत्तर चार-पाच अंकी आहे, आणि आडवाट दारातूनच सुरू होते, कारण ५३ वजा ४ म्हणजे ४९, सातचा वर्ग. कनिष्ठ १, ज्येष्ठ ७, क्षेप उणे ४. भावनेत एकसष्टच्या जागी त्रेपन्न घालायचे, बाकी पायऱ्या त्याच. वाटेत २५ आणि १८२ भेटले की रस्ता बरोबर आहे असे समजावे.